दोनदा दाबायचा ब्रेक

अमरावतीच्या त्या ट्रॅव्हल्सच्या कचेरीत गाडीच्या कंपनीचे तिसरे पत्र आले, तेव्हा तिकीट-खिडकीवरची सबीहा वैतागून उठलीच. मजकूर तोच होता: या मालिकेतल्या सर्व प्रवासी गाड्यांच्या ब्रेकमध्ये दोष आढळला आहे, गाडी तीन दिवस अकोल्याच्या कार्यशाळेत आणावी, दुरुस्ती विनामूल्य होईल.

"मालक, आपली गाडी रोज त्याच कार्यशाळेच्या फाटकावरून जाते. आत वळाले काय होते?"

खुशालरावांनी पत्र न वाचताच घडी घातली. "तीन दिवस गाडी उभी ठेवू? पाऊस नाही, पीक नाही, अर्ध्या सीटा रिकाम्या जाऊन राहिल्या. अन् नियाजभाईच्या पायाले समजते ब्रेक. दोन वर्सांत खरचटलं काय कोणाले?"

"म्हंजे खरचटाची वाट पाहून राहिले काय तुमी?"

खुशालरावांनी पत्र खणात टाकले. बाहेर दुष्काळाचे दुसरे वर्ष करड्या धुळीसारखे रस्त्यावर पसरले होते.

त्या कचेरीतल्या चालकांची एक रीत होती. गाडीची खोड ते दुरुस्तीला नेत नसत. ती ओळखून घेत. जो लवकर ओळखेल, तो उस्ताद. नियाज तर उस्तादांचा उस्ताद! पत्रांचा विषय निघाला की तो मिशीतल्या मिशीत हसे.

सोमवारी चांदूर बाजारला त्याच्या भाचीचा निकाह होता. त्या दिवशी गाडी दुसरा चालक सूर्यभान नेणार होता. सकाळी प्रवासी दाराशी उभे असताना नियाज त्याला गाडी समजावून देऊ लागला.

"ध्यान दे, सूर्यभान. पयला दाब फुकट जाते. सोडाचं. मनात एक-दोन म्हणाचं. मंग दाबलं का धरते."

"हा ब्रेक हाय का शाळेतला पाढा? अन् मधातच कोनी आडवं आलं त?"

"येऊ द्याचं नाही. लांबूनच अंदाज घ्याचा."

"बडनेऱ्याच्या पुलावरून उतरताना?"

"गिअरात धराची..." नियाज अडखळला. "अन् समोर मोकळं असन, तरच..."

भातकुलीची सुभद्राबाई सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात निघाली होती. पायरीवर चढलेल्या सुनेचा हात तिने घट्ट धरला.

"काहो नियाजभाऊ, दर सोमवारी आमी तुमच्या या एक-दोनावर बसून जाऊन राहिलो? आमाले कावून नाही सांगतलं?"

नियाजचा चेहरा उतरला. दोन वर्षे मिरवलेली विद्या आज प्रथमच त्याने मोठ्याने उच्चारली होती, आणि ती किती भयंकर ऐकू येत होती!

सबीहा खिडकीतून बाहेर आली होती. "चाचा, तुमचा पाय हुशार नसता, तं पयल्याच पत्राले गाडी आत गेली असती. तुमी सांभाळत गेले, म्हणून मालक निवांत झोपले. अन् ज्याईचा जीव जाणार, त्याईलेच पत्ता नाही!"

नियाजने सूर्यभानच्या हातातली चावी परत घेतली. "मालक, गाडी जाणार नाही."

खुशालराव काही बोलणार होते. पण पायरीवरून जपून, एकेक पाऊल टाकत उतरणारी ती पोर त्यांना दिसली.

"सबीहा, समद्याईले एसटीत बसवून दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सूर्यभान, रिकामी घेऊन जा अकोल्याले."

"रिकामी बी नाही," नियाज म्हणाला. "रस्ता रिकामा असते काय, मालक? कंपनीले फोन लावा. ओढून नेऊ द्या."

खुशालरावांनी मुकाट्याने फोन लावला. पलीकडून 'थांबा' म्हणाले. पाऊण तास ते कानाला फोन लावून उभे राहिले, आणि एकदाही कुरकुरले नाहीत!

नागरिकहो, मोडके यंत्र आपल्या कसबाने चालते ठेवणारा असा एखादा उस्ताद प्रत्येक कचेरीत असतो, आणि आपण सारे त्याची पाठ थोपटतो. त्या थोपटण्यातच पुढचा अपघात वाढत असतो. जो दोष दुरुस्त होऊ शकतो, तो सांभाळून घेणे हा अपराध आहे. आणि ज्यांच्या जिवावर तो सांभाळला जातो, त्यांच्यापासून तो लपवणे हा त्याहून मोठा अपराध!