दुसरी फाईल

वेस्ट मांबलममधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आमचं घर धरून, चारशे बारा घरांच्या पत्रिका आहेत. त्यांतल्या निदान निम्म्या घरांची एकेक गोष्ट मला अशी ठाऊक आहे, की ती त्या घरच्या जावयालाही कधी कळलेली नाही. पत्रिकांचा हा पसारा माझ्या यजमानांचा, राघोत्तमांचा. तंजावरकडून येऊन चेन्नईतल्या बँकांत, शाळांत, कचेऱ्यांत विखुरलेल्या आमच्या मराठी मंडळींची लग्नं जुळावीत म्हणून त्यांनी तीस वर्षं हे काम हौसेनं केलं आणि जाताना माझ्या गळ्यात घातलं. मी मूळची मिरजेची. सासरच्या लोकांना माझ्या मराठीची अजून गंमत वाटते, पण मनातलं बोलायला त्यांना मीच बरी वाटते. बाहेरून आलेल्या माणसाजवळ जीभ लवकर सुटत असावी. पत्रिका देता देता आया माझा हात धरतात, आवाज खाली आणतात, आणि मग मोडलेली लग्नं, लपवलेली दुखणी, आतल्या खोलीत ठेवलेला दीर, असं काय काय बाहेर येतं. मी ऐकते आणि गिळून टाकते. आजवर त्यातलं एक अक्षर मी कागदावर उतरवलं नाही, ह्यांच्याजवळसुद्धा बोलले नाही, आणि मला त्याचा गर्व होता. होता म्हणते, कारण आता त्यातलं काही उरलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये माझ्या मुलीनं, संयुक्तानं, सगळ्या पत्रिका कॉम्प्युटरवर चढवल्या. ती तरमणीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि आईच्या घरात कागदांची कपाटं असावीत याची तिला लाज वाटते. लोकांनी झेरॉक्ससाठी जिने चढू नयेत म्हणून तिनं पत्रिकांचं फोल्डर सगळ्या घरांना खुलं करून दिलं. ज्याला जी हवी ती त्यानं घरबसल्या उतरवून घ्यावी, आणि किती घरांनी घेतली तो आकडा फाईलपुढे दिसावा, अशी सोय. शिवाय शोधायचं एक सॉफ्टवेअर टाकलं. नाव टाइप केलं की ते प्रत्येक फाईलच्या आत शिरून, ते नाव जिथं जिथं असेल ते सगळं काढून समोर मांडतं. "अम्मा, आता तुला काही लक्षात ठेवायलाच नको," ती म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

जूनमधल्या एका सकाळी कॉफी झाल्यावर मी देविकेची पत्रिका शोधायला बसले. नाव टाइप केलं तर दोन ओळी आल्या. पहिली पत्रिका. दुसरी कसलीशी छोटी फाईल, त्याच फोल्डरमधली. उघडली तर आत एवढंच होतं: "सातव्या वर्षी पहिली फिट आली. गोळ्या अजून चालू आहेत. आईनं लग्नाच्या पंगतीत सांगितलं. सांगताना रडली नाही."

मी हे लिहिलेलं नव्हतं. देविकेच्या आईनं, कृष्णवेणीनं, चार वर्षांपूर्वी केळीच्या पानावर भात वाढला जात असताना ते माझ्या कानात सांगितलं होतं, आणि ती रडली नाही हे तर मी फक्त मनाशी म्हटलं होतं. फाईल तयार झाल्याची वेळ पाहिली. अकरा वाजून वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळातही अकरा वीसच झाले होते. आणि त्या नुकत्या जन्मलेल्या फाईलपुढे आकडा होता सात.

मी ती पुसून टाकली. मग मकरंदचं नाव टाइप केलं. दोन ओळी. चंद्रमौळीचं केलं. दोन ओळी. खपली काढू नये हे कळत असून बोटं जातात, तशी मी जेवणाची वेळ टळेपर्यंत नावं टाइप करत राहिले, आणि दर वेळी माझ्या पोटातलं एकेक त्या दुसऱ्या ओळीत, त्या मिनिटाची वेळ लावून, आधीच चारसहा घरांत पोचलेलं असं समोर येत गेलं. कुणीतरी खोडसाळपणा करतंय असं म्हणावं, तर वाक्यं माझी होती. मी मनात जशी बोलते तशी.

संध्याकाळी संयुक्ताला सांगितलं. तिनं पर्स खांद्यावरून न उतरवताच चारपाच नावं टाइप केली. प्रत्येक नावाला एकच ओळ, पत्रिकेची. मी न पुसलेल्यासुद्धा दिसेनात.

"एकच दाखवतं की, अम्मा," ती म्हणाली. मग अगदी मऊ आवाजात, "तूच कधी लिहून विसरली नाहीस ना?"

त्या मऊपणाचीच मला जास्त भीती वाटली. माझ्या समाधानासाठी तिनं फोल्डर सगळ्यांना बंद करून टाकलं. ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडचं काढता येईल का, असं मी विचारलं. "ते कसं येईल?" ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दोन दिवसांनी कृष्णवेणीचा फोन आला. तिनं आधी जेवण झालं का विचारलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

"अक्का," ती मग म्हणाली, "देविकेचें तें तुमास सोडून मी कोणासहि सांगिटलें नव्हतें. तुमी दुसरे गांवचे, तुमच्याकडेच राहील मणून सांगिटलें."

मी लिहिलं नाही गं, असं मी म्हणाले. ती "सेरी, अक्का", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. महिनाभरात वीसेक घरांनी पत्रिका काढून घ्यायला सांगितलं. कुणी भांडलं नाही. देवळात भेटल्या की बायका हसत, वाट देत, पण हात कुणी धरीना. रडू यायचं मला घरी आल्यावर.

पण माझा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी. एक नाव मी त्या दिवशी टाइप केलं नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी मी बाळंतपणाला मिरजेला गेले. माझं मूल जगलं नाही. परत चेन्नईला आले ती दुसऱ्या कुणाची तरी, वीस दिवसांची मुलगी कुशीत घेऊन, आणि स्टेशनवर सासरच्या साऱ्यांनी तिची दृष्ट काढली. हे माझ्या आईला आणि राघोत्तमांना ठाऊक होतं; दोघंही आता नाहीत. तिची पत्रिका ह्यांनीच स्वयंपाकघरात बसून मांडली, जन्मवेळ आम्ही दोघांनी मिळून ठरवली. त्याच पत्रिकेवर तांबरमच्या सुधींद्राशी तिचं लग्न ठरलंय. लग्नाचं एक वेळ सोडा. पण ती मला अम्मा म्हणते, आणि तिला हे कुणाकडून कळलं तर पुढं ती काय म्हणेल, ते मला ऐकायचं नव्हतं. ही गोष्ट आता जगात फक्त माझ्या डोक्यात होती. मी कॉम्प्युटरवर जुनी साडी टाकली आणि त्याच्याकडे फिरकले नाही. तिला हाकसुद्धा "बाळ" म्हणून मारू लागले.

गेल्या रविवारी सकाळी सुधींद्राच्या वडिलांचा फोन आला. फार अदबीनं बोलले. मुहूर्तासाठी मुलीची पत्रिका पुन्हा एकदा पाहायची म्हणाले.

"मी काढते," म्हणून संयुक्ता आत गेली. मी फोडणी तशीच सोडून तिला अडवायला निघाले, आणि दारातच थांबले. तिच्या हातानं एकच ओळ येते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढाच आधार होता मला. "काढ बाळ," मी म्हणाले.

साडी बाजूला ओढल्याचा आवाज आला. मग बटणांचा.

"अम्मा," तिनं आतून हाक मारली, "माझ्या नावावर दोन दाखवतं. फोल्डर तर मी बंद केलंय. मग दुसरीपुढे चारशे अकरा कसं?"

चारशे अकरा. म्हणजे आमचं सोडून सगळी घरं, तांबरमचंही. मी गॅस बंद केला, आणि त्या शांततेत आतून माउसची टिचकी ऐकू आली.