शेवटच्या रांगेपर्यंतचा आवाज

केसरीनाथांचा सिद्धांत बावीस वर्षांचा होता. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी संगीत नाटकातला नट काळी चार, काळी पाच अशा उंच पट्टीत गात असे, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलेले असे. ध्वनिक्षेपक आला, पट्टी उतरली, आवाज मऊ झाला आणि गळ्याची फेक गेली. तंत्रनिकेतनात शिकवलेल्या माणसाचे सिद्धांत मांडून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. सिद्धांताची वही वाचायला घेताना वाचनालयाचे अध्यक्ष चांगदेव यांनीही तीच अट घातली होती.

"मास्तर, लोकांसमोर दाखवा. पटलं तर पुस्तक आम्ही छापतो. न्हाय तर वही तुमच्या कपाटात सुखी ऱ्हाऊ दे."

म्हणून रविवारी दुपारी भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या सभागृहात प्रयोग ठरला. केसरीनाथांनी मंचापासून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर टेपने मोजले: बासष्ट फूट. शेजारच्या कारखान्यातील लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट जुन्या नाट्यगृहातील गलक्याची जागा घेईल, या हिशेबाने खिडक्या उघड्या ठेवल्या. गायक म्हणून संगीतशिक्षक देवेश याला बोलावले. आवाज गोड, पण माइकविना दाराबाहेर न जाणारा.

"म्हणजे मी पडायला येतोय?" देवेशने विचारले.

"शास्त्रासाठी."

"मग शाल तरी मलाच ना, की तीही शास्त्राला?"

माइक बंद झाला. देवेशने पेटीवर स्वतः रचलेली चीज सुरू केली. केसरीनाथ शेवटच्या रांगेमागे उभे राहिले. लूमच्या खडखडाटापलीकडे त्यांना काहीही ऐकू आले नाही. अत्यंत समाधानाने त्यांनी विचारले, "काय, आले का काही ऐकू?"

"आलं की," शेवटच्या रांगेतल्या ठमाबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षे त्यांनी लूमखात्यात मागाच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. "सांज उतरली खाडीवरती, नाव कुणाची येई. दुसऱ्यांदा म्हणताना दम पुरला न्हाय बिचाऱ्याचा."

सगळ्या रांगेने माना डोलावल्या. केसरीनाथांनी देवेशला आणखी हळू गाण्याची खूण केली. रांगेने तेही ऐकले. पुढे बसलेल्या चांगदेवांनी मागे वळून कपाटाचे दार लावल्याची खूण केली.

तेवढ्यात देवेश पेटीचा भाता ठीक करायला गातागाताच खाली वाकला आणि ठमाबाई ओरडल्या, "तोंड वर कर रे पोरा! ऐकू येईना!"

केसरीनाथ थबकले. मग त्यांनी देवेशला भिंतीकडे तोंड करून गायला सांगितले.

"आता येते का ऐकू?"

"न्हाय!" सगळी रांग एका सुरात म्हणाली.

रांगेत बसलेली सगळी माणसे लूमखात्यातली होती. तिथे शेजारच्याचा शब्दही कानावर पडत नाही. शिफ्टभर बोलणे चालते ते ओठांवरून. बावीस वर्षांच्या सिद्धांताला भिवंडीने डोळ्यांनी ऐकून दाखवले होते.

"मग झालं की सिद्ध," चांगदेव जवळ येत म्हणाले. "आवाज मागं पोचतच न्हाय. छापू."

"थांबा हो," ठमाबाई म्हणाल्या. "मास्तर, जुन्या काळी मागची माणसं काय डोळे मिटून बसायची? त्यांनाबी ओठांवरनं कळत असंल, तर वरच्या पट्टीत गायचं कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर वहीत नव्हते. गळ्यांवर केसरीनाथांनी पानेच्या पाने लिहिली होती; ऐकणाऱ्यांवर एक ओळही नव्हती. जड मनाने त्यांनी चांगदेवांच्या हातून वही परत घेतली. दाराकडे वळताना, मोजमाप अपुरे सोडायचे नाही या सवयीने त्यांनी एका शेवटच्या नोंदीपुरते विचारले.

"ठमाबाई, शब्द कळले. चाल कशी होती?"

"चाल?" ठमाबाई चपापल्या. त्यांनी शेजारणीकडे पाहिले, शेजारणीने पलीकडे पाहिले. "ती कशी कळणार? सूर कुठं ओठावर दिसतो?"

केसरीनाथ खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वही उघडली. शब्द डोळ्यांनाही पोहोचतो. सुराला मात्र गळ्याशिवाय वाहन नाही! एवढ्यासाठीच तर ती माणसे काळी पाचपर्यंत चढत होती.

"आता छापायचं का न्हाय ते एकदा सांगा," चांगदेव वैतागले.

"छापायचे. एक प्रकरण वाढेल."

"मग माझं नाव घाला त्यात," ठमाबाई म्हणाल्या. "आणि कांडीवाली लिवा. न्हाय तर लोकांना वाटंल, मी गाणं शिकलेली हाय."