पंधरा दिवस इथे, पंधरा दिवस तिथे

जियायी शहरातल्या बाजारातून भाजी आणताना शिउलुआन स्कूटरसकट घसरली आणि तिचा डावा दंड खांद्यापाशी मोडला.

"तीन तुकडे झालेत, आजी," एक्स-रे बघत डॉक्टर म्हणाले. सकाळपासून पेशंट तपासून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. "धातूची पट्टी आणि स्क्रू घालून जोडता येईल. नाहीतर हात गळ्यात बांधून ठेवू. तसंही भरून येतं. तुमच्या वयात वर्षभरानं दोन्हीत फारसा फरक राहत नाही."

"ऑपरेशनच करा. हात बांधून बसले तर पोरं मला वाटून घेतील."

थोरला वनपिन कसनुसा हसला. म्हणाला, "वाटून काय, आई! पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे. जगरहाटीच आहे. तू एकटी राहिलीस तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

जगरहाटी तिला पाठ होती. तिची सासू चार मुलांच्या घरी अशीच फिरली होती आणि एकाही कपाटात तिच्या कपड्यालत्त्याला कप्पा नव्हता. शिउलुआनला मरायचं होतं ते आपल्याच घरात.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "पट्टी हाड धरून ठेवेल. हात वर जाईल तो व्यायामानंच."

मग सुरू झाली ती रड. हात बरा होईपर्यंत दोन्हीकडे राहणं भागच होतं. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या भिंतींवरून ती बोटं सरपटवत वर न्यायची. खांद्यात कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. धाकटी सून यीच्युन तिचे केस धुताना म्हणायची, "मान खाली घाला हो, आई. मला दुकान उघडायचंय." वाईट नव्हती ती, नुसती थकलेली होती. सगळेच थकले होते. शिउलुआन दात खाऊन पुन्हा भिंतीशी उभी राहायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "हात डोक्यावर ठेवून दाखवा."

हात थरथरला, कानापाशी अडला, आणि शेवटी डोक्यावर टेकला.

"झकास! एवढ्यावर भागेल. खुशाल आपल्या घरी जा, आजी."

तिला आनंदानं हसू फुटलं. आता वनपिन भांडेल, अडवेल, म्हणून तिनं उत्तरही जुळवून ठेवलं. पण तो फोन घेऊन बाहेर गेला होता. दार अर्धवट उघडं होतं. धाकट्याला सांगत होता, "सुटलो रे बाबा! स्वतःच्या घरी राहू शकते म्हणाले."

आत आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"आई, एकटी कशी राहशील? चल माझ्याकडेच."

"नको रे."

"अगं, असं कसं? चल."

"नको म्हटलं ना."

रीतीप्रमाणे दोनदा आग्रह आणि दोनदा नकार झाला होता; खरा आग्रह असतो तो तिसरा. शिउलुआन जाकिटाची बाही चढवत थांबली. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.