ओठांवरचं नाव

अँब्रोज एन्टविसल हे गिरणीतल्या विणकरणीचे पुत्र. ग्रीक भाषेच्या जोरावर चढत चढत प्राचार्य झाले आणि लँकेशायरच्या त्या गिरणगावात, कापसाच्या जुन्या गोदामात चाळीस पोरांवर सुरू झालेलं कॉलेज त्यांनी बावीस वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

पहिलं महायुद्ध संपून तिसरं वर्ष. दर नोव्हेंबरात सभागृहात उभं राहून प्राचार्यांनी युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं वाचायची, असा रिवाज पडला होता. त्या यादीत एली शोरॉक नव्हता. आघाडीवरून पळाला म्हणून आपल्याच सैन्यानं त्याला खांबाला बांधून गोळ्या घातल्या होत्या.

त्याची आई प्राचार्यांकडे आली. तीस वर्षं गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढून बाईंचे दोन्ही कान गेलेले. समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलणं समजून घेत.

“साहेब, एकदाच वाचा. लेकरू घाबरलं हो माझं. घाबरलेल्याला देव टाकत नाही, मग तुम्ही का टाकता?”

“वाचीन, बाई,” प्राचार्य म्हणाले. त्या क्षणी ते मनापासून म्हणाले.

कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष, गिरणीमालक ऑर्मरॉड यांना कुणकुण लागली. “एन्टविसल, त्या पळपुट्याचं नाव घेतलंत, तर त्याच दिवशी घरी बसायचं. माझा मुलगाही त्या यादीत आहे, विसरू नका.”

नावं वाचायचा दिवस आला. पहिल्याच रांगेत ऑर्मरॉड, चार खुर्च्या सोडून शोरॉकबाई. “रॉथवेल” वाचून प्राचार्य थांबले. मग ओठ नीट हलवत, आवाज मात्र न काढता, त्यांनी ‘एली शोरॉक’ म्हटलं. लोकांना वाटलं, म्हातारा दम घेतोय. “टॅटरसॉल!” पुढचं नाव खणखणीत आलं. दोघांचंही मन राखलं, असं त्यांना वाटलं. माणूस देवालाही अशीच हुलकावणी द्यायला बघतो.

बाहेर पायऱ्यांवर बाई उभ्या होत्या. प्राचार्य हसत पुढे झाले.

“आवाज काढला नाहीत, साहेब.”

“म्हणजे काय, बाई?”

“साच्यांवर आम्ही असंच बोलतो, जॉबरला, मुकादमाला कळू नये म्हणून. आवाज काढणारा माणूस ओठ इतके ताणत नाही. तुमच्या आईकडूनच उचललं असेल.”

प्राचार्यांची मान खाली गेली.

“मान वर करा, मला ओठ दिसत नाहीत. आता इथं एकदा मोठ्यानं म्हणा. मला नाही येणार ऐकू. माझ्या लेकराला येईल.”

“एन्टविसल, चला! चहा निवतोय!” मागून ऑर्मरॉड आले.

प्राचार्यांनी तोंड उघडलं.

“थंडी फार पडलीय, बाई. सांभाळून जा.”

एवढं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंनी शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि कठड्याला धरत पायऱ्या उतरू लागल्या.