पुढून जावई, मागून सालदार

या सगळ्या भानगडीत तोतारामला सुटणार काय होतं? जीवराम नाना आठवडाभर हाच हिशोब मांडत होते आणि तो काही केल्या जुळत नव्हता. नवी गाडी घ्या म्हणणारा तोताराम. लेक सुगंधासाठी धुळ्याचं स्थळ बघा म्हणणाराही तोतारामच. बायकोचा सख्खा भाऊ, म्हणून तोंडावर काही बोलताही येईना. गाडीच्या सौद्यात शोरूमवाला त्याला काहीतरी चारणार, हे नानांनी धरूनच ठेवलं होतं. अडचण होती ती स्थळाची. मुलाचा बाप अभिमन आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडून तोतारामला ना ठेका मिळणार, ना पाणी. मग हा माणूस पदरच्या भाड्यानं धुळ्याच्या खेपा का घालतोय?

एदलाबादजवळच्या त्या गावात नानांची सगळी उमर केळीत गेली होती. घडाला कोणी फुकट हात लावत नाही, आणि लावलाच तर दोन फण्या कमी झाल्या का बघायचं, एवढी शिकवण त्यांना पुरली होती.

"अहो, पोरीच्या मनात आहे ते," बेबाबाईंनी शेवटी सरळच सांगितलं. "जळगावला कॉलेजात होता तो मुलगा. यादव नाव. तिनंच मामाला गळ घातली. दोन स्थळं उगाच नाही मोडली तिनं."

"मनात आहे म्हणजे कोणीतरी घातलं असेल," नाना म्हणाले. "आपोआप मनात काय येतं? मनात येण्यात तोतारामचा काय फायदा, तेवढं सांग."

बेबाबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तर स्थळ बघायला जायचं ते नव्या गाडीतून, असं ठरलं. ते दिवस नव्या गाड्यांचे होते. रोज कुठलीतरी कंपनी काहीतरी नवं काढायची आणि वर्तमानपत्रात अख्खं पान भरून छापायची. विंध्य मोटर्स म्हणून एक कंपनी होती. तिची 'साथी' जीप जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर काळा-पिवळा रंग लावून प्रवासी कोंबत उभी असे. तिची 'सोबती' तहसीलदारांकडे होती. आता तिनं 'सखा' काढली होती. जळगावच्या शोरूममधला टाय लावलेला विक्रेता हात जोडून म्हणाला, "नाना, ही जीपही नाही आणि कारही नाही. दोन्हींचा संगम आहे."

"संगम कसला? खेचर म्हणा," नाना म्हणाले आणि गाडीभोवती फिरू लागले, बाजारात बैलाभोवती फिरतात तसे.

पुढून गाडी खरंच देखणी होती. उतरतं बॉनेट, आत बसवलेले चौकोनी दिवे, चकाकती जाळी. बाजूला काळ्या पट्ट्या. पण मागे गेलं की डॉक्टरच्या बंगल्यातून एकदम धान्याच्या कोठारात आल्यासारखं वाटे. उभी सपाट पाठ, तिला एकच दरवाजा, दरवाजावर लटकलेली स्टेपनी आणि आत समोरासमोर दोन बाकं.

"साथी, सोबती, सखा," नाना म्हणाले. "तिन्हींचा अर्थ एकच ना हो?"

"अर्थ एकच, पण वर्ग वेगळा नाना. साथी वाहतुकीला, सोबती साहेबलोकांना आणि सखा आपल्यासारख्या प्रतिष्ठितांना."

"इंजिन?"

"तेच."

"चाकं?"

"तीच."

"हा मागचा दरवाजा?"

विक्रेत्यानं टाय सैल केला. "दरवाजा तोच आहे, पण याला आतून अस्तर लावलंय."

"आम्हीही हेच करतो," नाना खुशीत म्हणाले. "बाग एकच. दिल्लीच्या ट्रकमध्ये चढला की घडाचं नाव वेगळं, हातगाडीवर गेला की वेगळं. पण कंपनी स्वतःच्याच गिऱ्हाइकाला स्वतःच फितवते, हे काय गौडबंगाल आहे?"

"अहो, साथी घेणारा सोबतीकडे बघेल आणि सोबती घेणारा सखाकडे. त्यात त्यांची चांदीच की," तोताराम म्हणाला.

"आणि सखा घेणारा?"

"तो आरशात बघेल."

विक्रेता हसला. नाना हसले नाहीत. दोघं एकदम हसतात म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालंय, असा त्यांचा कयास होता. त्यात विक्रेता पांढरा रंग घ्या, पांढरा घ्या म्हणून मागे लागला, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. ज्या रंगाचा एवढा आग्रह, तोच पडून राहिलेला असणार. त्यांनी कोपऱ्यातल्या पिवळ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिच्या पिवळ्याजर्द अंगावर काळ्या पट्ट्या होत्या आणि टपावर काळं कॅरिअर. विक्रेत्यानं तोतारामकडे पाहिलं, तोतारामनं छताकडे. नानांना वाटलं, पकडली चोरी.

गावात गाडी आली तेव्हा पारावरच्या झिपरू आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "पुढून जावई, मागून सालदार." तो निकाल संध्याकाळपर्यंत घरोघर, सालावर राबणाऱ्या गड्यांपर्यंतही पोचला. बेबाबाईंनी गाडीला ओवाळलं, पण त्यांनाही म्हटल्याशिवाय राहवलं नाही, "तोंड धुतलंय हो, पाठ राहिली." सुगंधानं मात्र ना तोंड पाहिलं ना पाठ. एवढंच विचारलं, "धुळ्याला कधी जायचं?"

रविवारी निघाले. छगन ड्रायव्हर, शेजारी नाना, मधल्या सीटवर तोताराम. जळगाव मागे पडलं, एरंडोल गेलं, बोली बदलत चालली, आणि बोली बदलली की नानांचा संशय वाढे. पारोळ्याला चहाला थांबले. चहा पिऊन परत येतात तो मागच्या बाकांवर चार माणसं बसलेली. एक गाठोडंवाला, दोन बाया आणि एक म्हातारी. म्हातारीनं धुळीसाठी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि मांडीवर भुईमुगाची पिशवी धरली होती.

"उतरा अक्का," छगन म्हणाला. "ही प्रवासी गाडी नाही. खासगी आहे."

"काळी शे, पिवळी शे, मांगे दार शे," म्हातारी म्हणाली. "आखो काय जोयजे?"

प्रवासी गाडीला आणखी काय पाहिजे? शोरूमवाल्यालाही सांगता आलं नसतं.

"उतरवा नाना," तोताराम हळूच म्हणाला. "शुभकामाला निघालोय. बरं दिसत नाही."

नानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. याला ही माणसं का नकोत? "बसू दे," ते म्हणाले. "धुळ्यालाच जायचंय ना त्यांना? डिझेल तरी सुटेल."

गाडी निघाली. नानांनी खिशातून फोटो काढला. अभिमन आबांचे तिन्ही मुलगे ओळीनं उभे, नाक तेच, भुवया त्याच, भांगही तिघांचा डावीकडे.

"हे बघ तोताराम. इथंही तेच. साथी, सोबती, सखा. दोघे खपले. तिसऱ्याला नुसतं नवं तोंड बसवलं नसेल कशावरून? मागून, अस्तर उचलून बघितल्याशिवाय कळायचं नाही. एखादं दुखणं असेल, व्यसन असेल. नाहीतर एवढ्या लवकर होकार कशाला देतात?"

"नाना, मुलगा सोन्यासारखा आहे. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवलं तिघांना."

"तीच तर गोम आहे. घर म्हणे आत्याच चालवते. म्हणजे बाप पुढची जाळी आणि इंजिन ती बाई. अशा बायका सुनांना पिळून काढतात. तू पाहिलीस तिला?"

"नाही. ती शेतावर असते, बहादरपूरला. आज येणार आहे म्हणाले."

"बघ! तुलाही दाखवली नाही."

मागं कोणीतरी खोकलं. नानांना वाटलं, धूळ.

धुळ्यात पाच कंदिलाच्या चौकात प्रवासी उतरले. नानांनी स्वतः खाली उतरून भाडं गोळा केलं, कारण छगननं केलं असतं तर त्याचा हिशोब कोणी ठेवायचा? सगळ्यांत शेवटी म्हातारी उतरली. कमरेची पिशवी सोडून तिनं दहाची नोट नानांच्या हातावर ठेवली.

"ल्या भाऊ, भाडं ल्या. कोनता गावना शेतस तुम्ही?"

खासगी गाडीत भाडं घेतलेलं. ही आरटीओवाल्याची कोणी असली तर? "बऱ्हाणपूरचे," नाना चटकन म्हणाले. म्हातारीनं एकवार त्यांच्याकडे, एकवार गाडीच्या नंबरपाटीकडे पाहिलं आणि रिक्षाला हात केला.

देवपुरात अभिमन आबांच्या गल्लीत शिरल्यावरही नाना सरळ घरी गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे त्यांनी घराची चौकशी केली. मग पिठाच्या गिरणीत केली. दोघांनी चांगलं सांगितलं, त्यामुळे नाना अधिकच चिंतेत पडले. एकाच गल्लीतले दोघं एकच बोलतात म्हणजे पढवलेले असणार.

अभिमन आबांनी मात्र दारापर्यंत येऊन हात धरून आत नेलं. बैठक झाडलेली होती, पोहे आले, थोरले दोघे मुलगे येऊन पाया पडले. यादवही आला. वीज मंडळात लागलेला, बुजरा, पण विचारलं तेवढं नीट सांगणारा. केळीच्या बागेला भारनियमनाचा किती त्रास होतो, हे त्यानं स्वतःहून विचारलं, आणि नाना क्षणभर सगळं विसरून सांगू लागले. तोतारामनं मनातल्या मनात नारळ फोडला.

एवढ्यात आतला पडदा सरला आणि पाण्याचा तांब्या घेऊन म्हातारी बाहेर आली. आता पदर डोक्यावर होता, चेहरा उघडा.

"या," ती म्हणाली. "बऱ्हानपूरना पाव्हना, या."

नानांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"द्रौपदाबाई, आमच्या ताई," अभिमन आबा म्हणाले. "ताई, बऱ्हाणपूरचे नव्हेत, हे एदलाबादकडचे."

"मी देखं ना," म्हणत द्रौपदाअक्कांनी तांब्या खाली ठेवला आणि तिन्ही भाच्यांना भिंतीशी ओळीनं उभं केलं. आत्यानं सांगितलं की उभं राहायचं, ही त्या घराची रीत. लग्न झालेले दोघेही मुकाट्यानं उभे राहिले.

"हाऊ साथी," त्या बोट दाखवत म्हणाल्या, "हाऊ सोबती, आनि हाऊ सखा. यादव, फिर. तेसले मांगून दाखाड. देखी ल्या भाऊ, अस्तर बी देखी ल्या."

यादव गोंधळून खरोखरच फिरला. दाराआड दोघी सुना तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. आणि खरं सांगायचं तर अक्कांच्या डोळ्यांतही हसूच होतं. म्हातारी दुखावली होती, पण फिटंफाट करून मोकळी व्हायला निघाली होती. त्या वेळी नानांनी कान धरून 'चुकलो अक्का' म्हटलं असतं, तरी भुईमुगाच्या शेंगा सगळ्यांनी मिळून खाल्ल्या असत्या. तोतारामनं त्यांना कोपरानं ढोसलंही.

पण नानांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता. पारोळ्याला हजार गाड्या उभ्या असतात. ही नेमकी आमच्याच गाडीत कशी?

"म्हणजे," ते ताठ बसत म्हणाले, "तुम्ही मुद्दाम बसलात आमच्या गाडीत? पाळत ठेवायला? आणि तोताराम, तुला हे माहीत होतं!"

खोलीतलं हसू पंखा बंद पडावा तसं थांबलं.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "मी भाडं दिधं ना." आणि तांब्या उचलून आत गेल्या. त्या परत बाहेर आल्या नाहीत.

अभिमन आबांनी चहा होईपर्यंत पावसापाण्याचं, ऊसदराचं बोलणं चालू ठेवलं. निघताना दारात ते म्हणाले, "कळवतो आम्ही." ज्याला खरंच कळवायचं असतं तो तारीख सांगतो, हे नानांना माहीत होतं. यादव पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आला, तोतारामशी काही बोलू पाहत होता, पण नाना मध्ये उभे राहिले. काय खलबत चाललंय, ते त्यांना ऐकायचं होतं.

परतीच्या वाटेवर जळगावच्या स्टँडवर तोताराम उतरला आणि एवढंच म्हणाला, "नाना, शोरूमवाल्यानं मला एक चहा पाजला होता. तुमच्यादेखतच."

पुढच्या वर्षी नानांनी रावेरच्या एका व्यापाऱ्याचं स्थळ स्वतः शोधून काढलं, मध्ये कोणी नको म्हणून. सुगंधानं फोटो हातात न घेताच 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं. पोरगी आता समजुतीनं वागते, असं नानांनी पारावर सांगितलं.

आता कोणी काय भरलं ते बघू. गाडीचे पैसे नानांनी रोख भरले, त्याबद्दल वाद नाही. मागच्या बाकांवरच्या चौघांनी आपापलं भाडं चोख दिलं. तोतारामचा धुळ्यातला शब्द खर्ची पडला. त्यानंतर त्या गल्लीत त्याला कोणी बस म्हटलं नाही. बाकी सगळं सुगंधानं भरलं, आणि ती तर गाडीत बसलीसुद्धा नव्हती.