डावखुरी गाठ

लहू माझा एकुलता. नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना तो एकटाच होडी घेऊन गेला. आमच्या मनोरीत दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नाही. पण त्याला मी लोटलं. शेजारचा धोंडिराम आदल्या दिवशी चोरून जाऊन टोपलीभर मासळी घेऊन आला, तर मी लहूला म्हटलं, "घरातच बसायचं असेल तर बायकोच्या बांगड्या भर."

पहाटे होडी जागेवर नव्हती.

गावातल्या पुरुषांनी दोन दिवस शोधलं नि हात टेकले. चौथ्या दिवशी सकाळीच बाया आमच्या अंगणात जमल्या, सुनेच्या बांगड्या उतरवायला. मी कोयता घेऊन दारात उभी राहिले.

"माझं पोर मला दिसल्याशिवाय हिच्या हाताला कुणी शिवायचं नाही. चला, व्हा घरी! चुली विझल्या असतील तुमच्या."

मग सुनेला, अंजनाला म्हटलं, "पाणी ओसरतंय. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊ. पार उत्तनपर्यंत."

मी पुढे, ती दहा पावलं मागे. लग्न होऊन आली तेव्हापासून आमची चाल अशीच. गोराईची वाळू लागली, तिथं चिटपाखरू नव्हतं. लांब काही काळं दिसलं की मी धावायची, आणि जवळ गेलं की ओंडका. असे किती ओंडके! एकाला तर मी लाथ घातली.

"आई, घोटभर पाणी प्या."

"तुला तहान लागली तर तू पी. मी काय पाहुणी आले?"

उन्हं कलली तेव्हा खडकांच्या पलीकडे एक बोया पडलेला दिसला, जाळं तरंगतं ठेवायला बांधतो तो लाकडी ठोकळा. त्याच्या दोरीची गाठ माझ्या हातची होती. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. अख्ख्या मनोरीत तशी गाठ दुसऱ्या कुणाची नाही. लहू हसायचा, "आये, ही गाठ दर्याच्या बापाला सुटायची नाही."

सुटली नव्हती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला लहूच्या कमरेच्या रुमालाची चिंधी होती. बुडताना त्यानं बोया कमरेला बांधून घेतला असणार. गाठ टिकली, रुमाल फाटला.

मी तो पदराखाली घेतला. अंजना जवळ आली.

"काय होतं?"

"ओंडका."

ती माझ्या पदराकडे बघत राहिली. मग मीच वाळूत बसले. बोया तिच्या मांडीवर ठेवला.

"मी धाडला गं त्याला. मी म्हटलं, बांगड्या भर."

"ठाऊक आहे. कुडाच्या पलीकडे मीच होते."

"मग चार दिवस गप्प का राहिलीस? शिव्या घालायच्या होत्यास!"

"तुम्ही त्याला शोधत होता ना." एवढंच म्हणाली. चिंधी दोरीतून सोडवायला तिला फार वेळ लागला. तिनं ती घडी करून कमरेला खोचली, उठली आणि मनोरीच्या वाटेला लागली. माझी वाट बघितली नाही.

घरी बाया पुन्हा जमल्या असतील. आता त्यांना दारात अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

ती पुढे, मी मागे. तिच्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. मधेच थांबून ती म्हणाली, "भरती येतेय आई, उचला पाय."

मी मुद्दाम हळू चालले, तेवढाच वेळ त्या बांगड्या वाजतील म्हणून.