चौथा ठोका

भोंग्याचं खरं नाव फक्त त्याची आई घ्यायची, आणि ती गेल्यापासून तेही बंद झालं. रॉक बँडचा मुख्य गायक तो. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेची तक्रार नसायची, असा आवाज. ड्रमवर थोरला भाऊ, दादा. गाणं सुरू करायला दादा काठीवर काठी मारून चार ठोके द्यायचा आणि चौथा पडला की भोंगा तोंड उघडायचा. मिसरूड फुटल्यापासून हाच शिरस्ता.

अशा माणसाला सिनेमात घ्यायची बुद्धी एका दिग्दर्शक बाईंना झाली. भोंगा हरखून गेला. दादा मात्र "कर की. तुझा चेहरा, तुझी मर्जी," म्हणाला, आणि ड्रमवर चादर टाकून मोकळा झाला.

प्रसंग साधा होता. दोघा भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि धाकट्यानं थोरल्याला सांगायचं, "मी उद्यापासून येणार नाही." बस्स. पण 'ॲक्शन' ऐकलं की भोंगा खांबासारखा उभा! मनातल्या मनात चार मोजायचा आणि मगच सुटायचा. थोरल्या भावाचं काम करणारा नट तोवर हातातला पाना उगाच फिरवत बसायचा. आणि भोंगा सुटला की असा सुटायचा, की लाइटवाला दचकायचा.

"अहो, ते तुमच्यासमोर बसलेत, मैदानापलीकडे नाहीत," बाई म्हणाल्या. दुपार सरली तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी शेवटचं बघू. नाही जमलं तर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. राग मानू नका."

राग कसला मानतोय बिचारा! शरमेनं मान वर होत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गाण्यापलीकडचं काहीतरी मनापासून हवं होतं, आणि तेच हातचं जात होतं.

घरी जेवताना त्यानं सांगून टाकलं, "दादा, तुझ्या ठोक्यांशिवाय मला तोंडच उघडता येत नाही रे."

दादानं ताटातून मान वर केली नाही. "मग मी काय करू?"

"येशील? कॅमेऱ्यामागे नुसता बस. गुडघ्यावर बोट मार, मला दिसेल असं."

वहिनीनं वाढलेली भाकरी दादा मोडत राहिला. शेवटी वहिनीच म्हणाली, "जातील. नाही गेले तर मी जाते ताट-चमचा घेऊन."

सकाळी दादा कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसला होता, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसा अवघडून. बाई 'ॲक्शन' म्हणाल्या. दादाचं बोट गुडघ्यावर पडलं. एक. दोन. तीन.

चौथ्याला बोट हवेतच राहिलं.

भोंगा बघत राहिला. दादा त्याच्याकडे बघतच नव्हता, जमिनीकडे बघत होता. चौथा ठोका येणार नाही, हे भोंग्याला कळलं. मग तो समोरच्या नटाकडे वळला.

"दादा, मी उद्यापासून येणार नाही."

इतक्या हळू म्हणाला, की आवाजवाल्यानं हेडफोन कानावर दाबून धरले. 'दादा' हा शब्द संवादात लिहिलेलाही नव्हता. बाईंनी तो राहू दिला. "झालं," म्हणाल्या, "आता दुसरं कुणी शोधायला नको."

बाहेर चहा घेताना भोंग्याला आनंद आवरेना. "चौथा मुद्दाम राखून ठेवलास ना? मानलं तुला!"

"मुद्दाम कसला," दादा कपात बघत म्हणाला. "बोट खाली येईचना. वाटलं, हा दिला की तू गेलास."

 

दादानं कप ठेवला. "तुझ्या वहिनीनं ती ड्रमवरची चादर धुवायला टाकलीय. शनिवारी तालमीला ये."

"येतो," भोंगा म्हणाला, पण इतका हळू की दादाला पुन्हा विचारावं लागलं.